घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा, मनाला भिडणारा मराठी चित्रपट सुचवाल का? (कृपया कथा सांगू नका.)

'नाळ' बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा.

कथा सांगू नका म्हणालात ते फार बरं केलंत. या चित्रपटाचं गुपित एका वाक्यात फुटतं आणि ते वाक्य आधी कानावर पडलं, तर चैत्यासोबत आपल्याही पोटात जो खड्डा पडायला हवा, तो पडत नाही. म्हणून एवढंच सांगतो: विदर्भातलं नदीकाठचं गाव, आठेक वर्षांचा चैत्या, त्याचे आईवडील, आजी आणि गोठ्यातली म्हैस. म्हशीकडे लक्ष असू द्या.

पहिला अर्धा तास नुसता हुंदडण्यात जातो. खेळायला जाऊ दे म्हणून आईच्या विनवण्या करणारं ते गाणं तुमच्या मुलांना बहुधा पाठ असेल. इथे 'काही घडतच नाहीये' म्हणून कुणी मोबाईल हातात घेतला तर घेऊ देऊ नका. पुढे जे काळजाला लागतं, ते या अर्ध्या तासात आपण त्या घरातले झालेलो असतो म्हणूनच. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक आहेत, 'सैराट'ही त्यांनीच टिपला होता. नदी, वाळू, ऊन सगळं त्या पोराच्या नजरेतून दिसतं.

चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचाही 'नाळ'लाच मिळाला. वडील झालेत नागराज मंजुळे. पण मला विचाराल तर हा चित्रपट देविका दफ्तरदारांचा आहे. आईचं सगळं दुखणं त्या डोळ्यांत ठेवतात, तोंडाने फारसं काही बोलत नाहीत.

आम्ही तो घरी पाहिला तेव्हा आई घेवडा निवडत बसली होती. उत्तरार्धात केव्हातरी तिचे हात थांबले. चित्रपट संपला तरी ताट मांडीवर तसंच, आणि त्यात अर्धा घेवडा. माझा मुलगा काही न बोलता उठला, तिच्याजवळ जाऊन बसला आणि शेंगा मोडायला लागला. त्याने घेवडा निवडलेला मी आजवर पाहिला नव्हता.

बोली वऱ्हाडी वळणाची आहे. पुण्या-मुंबईकडच्या कानांना पाच-दहा मिनिटं लागतील, मग ती गोड लागते. मुलांनी अडलेला शब्द विचारला तर सांगा, पण 'आता काय होणार' याचं उत्तर देऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. 'नाळ भाग २' २०२३ मध्ये आला, तोही सुंदर आहे. पण त्याची झलक किंवा माहितीच्या दोन ओळीसुद्धा आधी वाचू नका, पहिल्या भागाचं सगळं गुपित तिथे उघडं पडतं. पहिला शनिवारी रात्री बघा, दुसरा पुढच्या शनिवारी. मधला आठवडा मुलं आजीला काय काय विचारतात ते ऐका.