दिव्यांगांचं टॉयलेट इतरांनी वापरलं तर चालतं का, आणि नंबर कोणाचा आधी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत आईंना दिव्यांगांच्या टॉयलेटमध्ये नेलंत, बाहेर आलात तर व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ ताटकळत होते आणि ते चिडले. मग तुमचं चुकलं का? दोन, तुमच्या समाजाच्या सभागृहात आता असंच एक टॉयलेट बांधायचं आहे. ते सगळ्यांना उघडं ठेवावं की कुलूप लावून किल्ली चौकीदाराकडे द्यावी?

तुमचं चुकलं नाही. तिथे जायला यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवावं लागत नाही आणि व्हीलचेअरही लागत नाही. उकिडवं बसता येत नाही, उठताना कशाला तरी धरावं लागतं, सोबत माणूस लागतो, यातलं एक जरी खरं असेल तरी ती खोली त्या माणसासाठी आहे. पण त्या गृहस्थांचा रागही समजून घ्या. तुमच्या आईंना दुसरीकडे कुठे तरी कमोड सापडला असता. कष्ट पडले असते, पण जमलं असतं. त्या गृहस्थांची खुर्ची मात्र शेजारच्या सव्वादोन फुटी दारातून आतच जात नाही. त्यांच्यासाठी त्या आवारात तेवढं एकच टॉयलेट असतं.

शिवाय थांबणं सगळ्यांना सारखं नसतं. पाठीच्या कण्याला इजा झालेले बरेच लोक दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढतात. घड्याळ ठरलेलं असतं. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय भरून राहिल्यावर रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागतं, घाम फुटतो, जिवावर बेतू शकतं. पोटावर स्टोमाची पिशवी (ऑपरेशनने पोटाला केलेल्या छिद्रातून मल किंवा लघवी जिच्यात जमते ती) असलेला माणूस चालताना धडधाकट दिसतो, पण पिशवी गळायला लागली की त्याच्याकडे मिनिटंच असतात. आतड्याला सूज असणाऱ्यांचंही तेच. म्हणून ‘व्हीलचेअर दिसली की तिचा नंबर आधी’ एवढ्याने भागत नाही. माझ्या मते क्रम असा हवा: ज्याला रोखून धरताच येत नाही तो सगळ्यांच्या आधी, मग ज्याला दुसरं टॉयलेट वापरताच येत नाही तो, आणि मग ज्याला हे सोयीचं पडतं तो. हे कळायला कोणाचा आजार विचारावा लागत नाही. ‘दादा, घाई आहे का तुम्हाला?’ एवढं विचारलं की समोरचा सांगतो. आत कोणी असेल तर एकदा दार वाजवायचं आणि थांबायचं. खुर्चीवरून कमोडवर सरकणं, कपडे सोडणं, परत खुर्चीवर येणं, याला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागू शकतात. बाहेरून हाका मारल्या की माणूस घाई करतो आणि पडतो.

आता ही गर्दी होते कशामुळे, ते बघा. पुष्कळ जुन्या सुलभमध्ये आणि सभागृहांमध्ये बाकीच्या सगळ्या टॉयलेटांत उकिडवं बसायची देशी भांडी असतात आणि कमोड फक्त दिव्यांगांच्या खोलीत. मग गुडघे दुखणारी प्रत्येक व्यक्ती, सातव्या-आठव्या महिन्यातली प्रत्येक बाई, पाय प्लास्टरमध्ये असलेला प्रत्येक मुलगा तिकडेच जाणार. बाळाचं लंगोट बदलायचं टेबलही तिथेच लावलेलं, म्हणून बाळवाली आईही तिथेच. यांच्यापैकी कोणीच आगंतुक नाही. एका खोलीवर सगळ्यांचं ओझं टाकणारा नकाशा चुकीचा आहे. तो सुधारला की भांडणं मुळातच कमी होतात.

तुमच्या सभागृहासाठी म्हणून माझं सांगणं: मोठी खोली एक करा, आणि लेडीज व जेंट्स दोन्ही रांगांत एकेक टॉयलेट कमोडचं करा. त्याचं दार बाहेर उघडणारं असू द्या आणि दोन्ही भिंतींना आडवे दांडे लावा. रुंदी तीन फूट पुरे, म्हणजे दोन्ही हातांनी दांडे धरून उठता येतं. निम्म्याहून जास्त म्हातारी माणसं तिथेच वळतील. देशी भांडी काढून मात्र टाकू नका. ती नसली की लोक कमोडवर चढून बसतात, सीट फुटते आणि तिच्यावर चपलांचे ठसे उमटतात. बाळाचं टेबलही जेंट्स-लेडीज दोन्हीकडे बाहेरच्या भागात लावा. मुलीला घेऊन आलेल्या बापाने कुठे जावं, हा प्रश्न त्याने सुटतो.

मोठ्या खोलीचं दार थेट पॅसेजमध्ये उघडायला हवं, लेडीजच्या किंवा जेंट्सच्या आतून नको. बायकोला नवरा नेतो, वडिलांना मुलगी नेते. आतून रस्ता असेल तर दोघांपैकी एकाला बाहेरच थांबावं लागतं. खोलीचं आतलं माप किमान 2200 बाय 2000 मिमी, म्हणजे सव्वासात बाय साडेसहा फूट. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी, म्हणजे चौकटीच्या आत तीन फूट. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कारण आत कोणी पडलं तर त्याच्याच अंगाने आत उघडणारं दार अडतं. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. आत खुर्ची गोल फिरायला 1500 मिमीचं वर्तुळ मोकळं लागतं. सगळ्यात जास्त खोल्या वाया जातात त्या याच जागी. वर्तुळ नकाशात असतं, नंतर तिथे बादली येते, पोछा येतो, पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा येतो, आणि उत्सवात खुर्च्यांची थप्पीसुद्धा येते.

कमोडची जागा तर मिस्त्रीला समोर उभं राहून दाखवा. सवयीने तो भिंतीच्या बरोब्बर मध्ये बसवतो. मग दोन्ही बाजूंना अर्धवट जागा उरते आणि खुर्ची एकीकडेही लागत नाही. कमोडचा मध्य एका बाजूच्या भिंतीपासून 45 ते 50 सेंटिमीटरवर हवा. त्या भिंतीला पक्का दांडा आणि दुसऱ्या बाजूला किमान 900 मिमी मोकळी जागा ठेवा. या मोकळ्या बाजूचा दांडा वर उचलता येणारा घ्या. सीटची उंची 450 ते 480 मिमी, म्हणजे खुर्चीच्या गादीइतकी. बाजारात मिळणारा साधा कमोड यापेक्षा बुटका असतो. भिंतीवर टांगायचा कमोड हव्या त्या उंचीवर बसतो आणि त्याच्याखाली खुर्चीच्या पायपट्ट्या शिरतात, म्हणून तो बरा. त्याची फ्रेम मात्र भक्कम हवी. सीट लोखंडी किंवा स्टीलच्या बिजागरीची घ्या. खुर्चीवरून सरकताना सगळं वजन आडवं पडतं, प्लास्टिकच्या बिजागऱ्या त्याने तुटतात. जेटस्प्रे दांड्याच्या भिंतीवर, बसल्या जागेवरून हाताला येईल असा. फ्लशचं बटण मोकळ्या बाजूला.

दांड्यांबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पडझड इथेच होते. टाइलवर प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकून स्क्रू मारला तर काही महिन्यांत दांडा हलायला लागतो, आणि हलणारा दांडा नसलेल्या दांड्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्या भरवशावर अंग टाकतो. भिंत पोकळ विटांची असेल तर तेवढा पट्टा आधीच काँक्रीटने भरून घ्या आणि अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत घट्ट बसणारे धातूचे बोल्ट, वापरा. ठेकेदाराचं बिल देण्याआधी शंभर किलोच्या माणसाला दांड्यावर पूर्ण भार टाकायला लावा. टॉवेल लटकवायची नळी आणि आधाराचा दांडा दिसायला सारखे असतात, तेवढ्यावर जाऊ नका.

मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपर्यंत लोंबली पाहिजे. पडलेल्या माणसाला फूटभर उंचीवर काही सापडलं तरच उपयोग. मुलं ओढतात म्हणून सफाईवाले ती वर गाठ मारून ठेवतात. मुलांना अडवायचं तर कमोडवर बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर ‘फक्त मदतीसाठी’ अशी पट्टी लावा, गाठ सोडा. आणि घंटी वाजली तर ऐकायला कोणी तरी असतं अशा ठिकाणी वाजू द्या, बंद ऑफिसात नको.

स्टोमावाल्यांसाठी फार काही लागत नाही: कमोडजवळ एक छोटी फळी, पिशवी लटकवायला खुंटी, झाकणाचा डबा आणि हाताशी पाणी. बाकीच्यांनाही हेच उपयोगी पडतं.

कुलूप लावू नका. ब्रिटनमध्ये 1981 पासून अशा टॉयलेटांना एकाच प्रकारची किल्ली चालते, पण ती किल्ली वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात असते, म्हणून ते चालतं. आपल्याकडे किल्ली चौकीदाराकडे असते आणि चौकीदार जेवायला गेलेला असतो. बंद राहिलेल्या खोलीचं आणखी एक होतं. नाहणीच्या जाळीखालचं आणि कमोडच्या तळाचं पाणी आटतं, वास वर येतो, लोक म्हणतात ‘घाण आहे’, आणि मग ती स्टोअररूम होते. उलट जी खोली दिवसभर वापरात असते, तिची सफाई रोज होते आणि बिघाड त्याच दिवशी कळतो. म्हणून मी वाटून वापरण्याच्या बाजूने आहे. इतरांनी वापरल्यामुळे दिव्यांगांचं नुकसान होतं असं नाही, बंद ठेवल्यामुळे जास्त होतं.

वापरणाऱ्याने मात्र एक गोष्ट कसोशीने पाळायला हवी: जमीन कोरडी. इंदूर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि तेव्हापासून धुण्यापुसण्यात आपण कमी पडत नाही. पण फरशी पाइपाने धुऊन तशीच ओली सोडली तर कुबडीचं रबरी टोक सटकतं. व्हीलचेअर हाताने ढकलणाऱ्याचं तर अजून वेगळं. ओल्या फरशीवरून चाक फिरलं की ते पाणी टायरवरून रिमवर आणि रिमवरून त्याच्या तळहाताला येतं, आणि त्याच हाताने त्याला पुढे जेवायचं असतं. म्हणून धुतल्यावर वायपर, वायपरनंतर कोरडा पोछा. तुम्ही वापरून निघताना सीट पुसा, जेटस्प्रे खुंटीला अडकवा, उचलायचा दांडा वर करा, टेबल उघडलं असेल तर मिटा, डबा भिंतीला सरकवा. एक मिनिटही लागत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत सभागृहात गर्दी असताना दर अर्ध्या तासाला वायपर मारणारा एक माणूस ठरवूनच ठेवा.

पाटीवर नुसतं व्हीलचेअरचं चित्र काढलं की बाहेर उभे असलेले लोक धडधाकट दिसणाऱ्याला झापतात. त्यापेक्षा चित्राखाली मराठी-हिंदीत लिहा: ‘आधार, जागा किंवा सोबतीची गरज असणाऱ्यांना प्राधान्य. प्रत्येक व्यंग डोळ्यांना दिसत नाही.’

एक गोष्ट अजिबात करू नका. एकाच दारावर ‘दिव्यांग व ट्रान्सजेंडर’ अशी पाटी लावून दोन्ही जबाबदाऱ्या झटकणं हल्ली दिसतं. त्यात दोघांचंही नुकसान आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तीला तिथे जावंसं वाटलं तर तिने जरूर जावं, दार सगळ्यांनाच उघडं आहे. पण तिला तिकडे पाठवणं वेगळं. स्वच्छ भारतच्या 2017 च्या सूचनांत ट्रान्सजेंडर व्यक्तींना आपल्याला योग्य वाटेल ते सार्वजनिक टॉयलेट वापरता यावं असं म्हटलं आहे. आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या आवारांसाठी पुरुष, महिला, दिव्यांग आणि ट्रान्सजेंडर अशा चौघांची वेगवेगळी सोय करायला सांगितलं. एकाच दारावर दोन पाट्या लावून हे होत नाही.

कमिटीत कोणी म्हणालं की ‘आपलं खाजगी सभागृह आहे, आपल्याला काय’, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. लोक ज्या इमारतीत येतात-जातात ती खाजगी असली तरी त्यात सार्वजनिकच धरली आहे, आणि सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला मंजुरी देऊ नये असंही त्यात आहे. नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, टॉयलेटची तक्रार असेल, म्हणजे कुलूप, मोडका दांडा, खोलीत भरलेलं सामान, तर निगमच्या तक्रारींसाठीच्या इंदूर 311 ॲपवर फोटोसकट टाका. फोटोत दार आणि पाटी दोन्ही येऊ द्या, म्हणजे जागा ओळखायला वेळ जात नाही.

रॅम्प विसरू नका. 1:12 चा उतार म्हणजे सहा इंचाच्या एका पायरीला सहा फूट लांबी लागते, दोन पायऱ्यांना बारा. जागा नसेल तर जोतंच कमी ठेवा, रॅम्प उभा करू नका. आणि टाइल लागायच्या आधी, कच्च्या भिंतीवर खडूने कमोड, दांडे आणि बेसिन काढून, खुर्ची वापरणाऱ्या आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या अशा दोघांना तिथे बोलवा. खुर्ची आत आणून, फिरवून, खडूच्या खुणेशेजारी लावून बघू द्या. जिथे ते ‘इथे हात पोचत नाही’ म्हणतील तिथली खूण पुसून दुसरी करा, आणि मगच प्लंबरला भिंत फोडायला सांगा.