मैत्रिणींची पहिली सहल: ठिकाण कसे ठरवावे

आपण मैत्रिणी मिळून पुण्याहून शनिवार-रविवारच्या सहलीला निघणार असाल, तर ठिकाणाच्या नावाआधी प्रवासाचे तास ठरवा. तारकर्लीचा समुद्र कितीही खुणावत असला, तरी तो साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि दोन दिवसांतला बराचसा वेळ गाडीतच जातो. नवख्या गटांची नेहमीची चूक हीच.

त्याऐवजी वाई-पाचगणी किंवा माथेरान पाहावे. माझा कौल माथेरानला, कारण दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना प्रवेश नसल्याने रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत निवांत हिंडता येते. मात्र चालणे भरपूर असते, म्हणून कुणाचे गुडघे दुखत असल्यास आधीच विचारावे. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून गावापर्यंत छोटी आगगाडी मिळते.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात:

- दरडोई खर्चाची मर्यादा प्रत्येकीला स्वतंत्रपणे विचारावी, कारण सर्वांसमोर अडचण सांगायला संकोच वाटतो.
- मुक्कामाच्या ठिकाणी स्वतः फोन करून रात्री तिथे जबाबदार माणूस असतो का, याची खात्री करावी. केवळ छायाचित्रांवर विसंबू नये.

शेवटी एकीनेच दोन पर्याय मांडावेत, अन्यथा चर्चा दिवाळीपर्यंत चालते.