बागेतल्या हापूसची वेबसाइट केली, लोक येतात आणि लगेच परत जातात. त्यांना थांबवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की देवगडजवळ तुमची हापूसची बाग आहे, गेल्या हंगामात वेबसाइट करून घेतली, फेसबुकवर जाहिरातही दिली. लोक आले, पण बहुतेक जण पहिल्याच पानावरून परत गेले. डिझाइन कसं बदलावं, असं विचारताय. मी बारा वर्षं छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करतोय, त्यात आंबा बागायतदारही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये डोंबिवलीला मावशीकडे गेलो होतो. तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर एका बागायतदाराच्या वेबसाइटची लिंक पाठवली होती. तिने चष्मा लावला आणि ती उघडली. मी शेजारी बसून बघत होतो. आधी बराच वेळ पांढरा पडदा. मग हिरव्यागार बागेचा मोठा फोटो आणि त्यावर ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’. ते वाचून होईतो फोटो सरकला, दुसरा आला. तिने अंगठ्याने पान वर ढकललं. आमची परंपरा, आमचे ध्येय, आमची गुणवत्ता. ‘अरे, पण डझन कसा दिलाय?’ तिने मला विचारलं. आणखी खाली गेली, तेवढ्यात वरचं एक चित्र उशिरा उमटलं, सगळा मजकूर खाली गेला आणि तिचं बोट भलत्याच बटणावर पडलं. तिने फोन बाजूला ठेवला आणि नाक्यावरच्या नेहमीच्या आंबेवाल्याला फोन लावला. दोन डझन मागवले.

तिला आंबे हवेच होते. पैसेही तयार होते. त्या बागायतदाराचं गिऱ्हाईक दारात येऊन परत गेलं आणि त्याला ते कळलंही नाही. मला तो प्रसंग फार लागला, कारण तोवर मी केलेल्या कितीतरी साइट अगदी तशाच होत्या.

तेव्हापासून मी डिझाइनला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहून काढतो. हापूस घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. डझनाचा भाव काय, आणि फळ केवढं? माझ्या गावात पोचेल का, किती दिवसांत? खरंच देवगडचा आहे की दुसरीकडचा आणून पेटीत भरलाय? कशाने पिकवलाय? खराब निघाला तर? तुमचं पान वरून खाली याच क्रमाने उत्तरं देत गेलं, तर माणूस आपोआप वाचत जातो. एक उत्तर मिळालं की त्याला पुढचा प्रश्न पडतो, आणि तोही खालीच सापडतो.

म्हणून पहिल्या पडद्यावरचं स्वागत काढा, सरकते फोटो काढा. तिथे एवढंच असू द्या: ‘आमच्या देवगडच्या बागेतला हापूस, गवतात पिकवलेला. मुंबई-पुण्याला घरपोच.’ त्याखाली आजची तारीख, आजचा भाव आणि फळाचं वजन. ‘मोठा’ आणि ‘मध्यम’ असं लिहू नका. २०० ते २५० ग्रॅम, २५० ते ३०० ग्रॅम असं लिहा. आणि एक आंबा तळहातावर ठेवून काढलेला फोटो लावा, आकार लगेच कळतो. भाव लपवून ‘दरासाठी संपर्क करा’ असं लिहिण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. भाव रोज बदलतो हे खरं, पण मग रोज बदला. ज्या पानावर आजची तारीख दिसते तिथे माणसाला वाटतं की आत कुणीतरी बसलंय.

साक्याबद्दल आपणहून लिहा. वरून सोन्यासारखं फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं निघतं, हा अनुभव हापूस खाणाऱ्या प्रत्येक घराला आहे. बहुतेक विक्रेते त्यावर गप्प बसतात. तुम्ही साका निघालेल्या फळाचा फोटो टाका, हे बाहेरून ओळखता येत नाही असं सांगा आणि ‘कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ’ असं स्पष्ट लिहा. माझ्याकडच्या एका बागायतदाराने हे केलं, तेव्हा त्याचा भाऊ म्हणाला की आपणच आपल्या मालाला नावं ठेवतोय. पण त्या हंगामात नवीन लोकांचे जे फोन आले, त्यातल्या बऱ्याच जणांनी हाच मजकूर वाचल्याचं सांगितलं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल, तर तो क्रमांकही इथेच द्या. पिकवायला कार्बाइड वापरायला बंदी आहे, त्यामुळे ‘आम्ही कार्बाइड वापरत नाही’ एवढ्यावर थांबू नका. आढी कशी लावता ते चार फोटोंत दाखवा. पेटी आल्यावर काय करायचं तेही सांगा: फळं गवतात पसरून ठेवा, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये घालू नका. पेटी घरी आल्यावरही लोक हे वाचायला परत येतात.

फोटो तुमच्याच बागेतले हवेत. झेल्याने आंबा उतरवणारा गडी, पेटीत गवत घालणारे हात. विकत मिळणारे चकचकीत आंब्यांचे फोटो मावशीसुद्धा ओळखते. मात्र मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला की तो पांढरा पडदा येतो. रुंदी १,२०० पिक्सेलच्या आसपास आणा आणि वेबपी (WebP) या कमी जागा घेणाऱ्या फोटो-प्रकारात साठवा, बहुतेक फोटो २०० केबीच्या आत बसतात. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहायला सांगा, म्हणजे पान मध्येच उडी मारत नाही. गूगलच्या निकषानुसार पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर वेग चांगला. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत साधनात तुमचा पत्ता टाका आणि मोबाइलचे आकडे बघा. त्यात काय दुरुस्त करायचं तेही येतं.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण याकडे कुणीच लक्ष देत नाही. तुमच्या साइटवर इंग्रजीसाठी तयार केलेलं टेम्प्लेट असेल, तर शीर्षकांना बऱ्याचदा लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि ‘हापूस’ची तीन सुटी अक्षरं होतात. ते शून्य करा. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर जास्त लागतं. लाइन-हाइट १.६ ते १.८ ठेवा आणि अक्षर १७-१८ पिक्सेलचं. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे फॉन्ट फुकट आहेत आणि छोट्या पडद्यावर छान वाचता येतात. भावाची पाटी डीटीपीवाल्याकडून करून ती चित्र म्हणून लावली असेल तर काढा. चित्रातला मजकूर सहज कॉपी होत नाही, शोधताना सापडणं कठीण जातं आणि मोठा करून बघितला की धुरकट दिसतो.

ऑर्डरसाठी आठ रकान्यांचा फॉर्म ठेवू नका. व्हॉट्सॲपचं एक बटण पुरे, पण त्यात मजकूर आधीच भरलेला असू द्या: ‘मला २ डझन हवेत, पिनकोड...’. शेजारी फोनचं बटण. आल्याआल्या समोर उघडणारी ‘सवलत मिळवा’ची खिडकी तर नकोच.

एक गैरसमज दूर करतो. माणूस लवकर गेला म्हणजे साइट फसली असं नसतं. ज्याने भाव बघितला आणि लगेच व्हॉट्सॲप केला, तोही अर्ध्या मिनिटात गेलेलाच दिसतो. तेव्हा किती वेळ थांबले यापेक्षा किती जणांनी ती दोन बटणं दाबली, ते मोजा.

नवीन पान तयार झालं की बागेशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांच्या हातात फोन द्या, ‘दोन डझन मागवा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. मदत करायचा मोह होईल, करू नका. अंगठा कुठे अडतो ते वहीत लिहा. पाच माणसांत बहुतेक अडचणी कळतात, हे वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय, आणि माझाही अनुभव तोच आहे.

जूनपासून फेब्रुवारीपर्यंत साइट बंद दुकानासारखी पडू देऊ नका. ‘हंगाम संपला’ या पाटीखाली पुढच्या वर्षीसाठी नंबर नोंदवायची सोय ठेवा, आमरस किंवा आंबापोळी करत असाल तर ती पुढे आणा. थंडी पडून मोहोर फुटला की पहिल्याच सकाळी एक फोटो काढा, खाली तारीख घाला आणि नंबर दिलेल्या सगळ्यांना त्या पानाची लिंक पाठवा.