डॉक्टरांना नुसतं ‘मुंग्या येतात’ सांगू नका

साताऱ्याच्या ताई, तुम्ही लिहिलंय की वाचनालयात शेजारची मुलगी सावकाश पानं उलटायला लागली की डोक्याच्या मागं मुंग्या येतात, मानेवरून पाठीत उतरतात, फार बरं वाटतं. आणि घरचे म्हणतात मेंदूच्या डॉक्टरला दाखव. मला माझं २०१४ साल आठवलं. मी सांगलीची, अडत दुकानात हिशेबाला आहे.

याला एएसएमआर म्हणतात, म्हणजे ‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’: हळू आवाजानं किंवा हलक्या स्पर्शानं येणारी ही सुखद शिरशिरी. हे नाव २०१० मध्ये जेनिफर अ‍ॅलन यांनी दिलं. नाव वैद्यकीय वाटलं तरी हा आजार नाही. बऱ्याच जणांना हे लहानपणापासून जाणवतं, काहींना कधीच नाही. मला कासारणीमुळं व्हायचं. ती माझा हात धरून, बोटं दाबत, हळू आवाजात बोलत एकेक बांगडी चढवायची. ती उठूच नये असं वाटायचं. बहिणींना पुढं ढकलून मी मुद्दाम शेवटी बसायची.

माझी चूक झाली ती दवाखान्यात. नाव घेत नाही. डॉक्टरांनी विचारलं काय होतं, मी म्हटलं, ‘डोक्यात मुंग्या येतात.’ बस, एवढंच. कधी येतात, कशानं येतात, त्या हव्याहव्याशा वाटतात, यातलं काहीच बोलले नाही. लाज वाटली. कुणी कागद चाळला की सुख वाटतं, हे परक्या माणसाला सांगायचं कसं? आणि त्यांनीही पुढं एक प्रश्न विचारला नाही. बी-१२ तपासलं, मग एमआरआय, मग नसांच्या गोळ्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी गोळ्या आठ महिने चालू. दुपारी डोळे मिटायचे. दोनदा रकमा चुकवल्या, मालकांसमोर मान खाली घालावी लागली. पैशापेक्षा ते जास्त लागलं. पुन्हा गेले तेव्हा ‘विचार कमी करा’ म्हणून बाहेर काढलं. दहा मिनिटं कुणी नीट ऐकून घेतलं असतं तर यातलं काही झालं नसतं, याचा राग अजून आहे.

मराठीत याला नेमका शब्द नाही हीच अडचण आहे. मुंग्या म्हटलं की बधिरपणा, झिणझिण्या म्हटलं की नस दबलेली, शहारा थंडीचा नाहीतर भीतीचा. मी आता ‘गोड शिरशिरी’ म्हणते. दाखवायला जाणारच असाल तर असं सांगा: अमुक आवाजानं किंवा हलक्या स्पर्शानं सुरू होते, आवाज थांबला की ओसरते, अंग सैल पडतं, झोप येते.

मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवा. कसलाच आवाज नसताना मुंग्या येत असतील, अंगाची एकच बाजू बधिर होत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, बोलणं अडखळत असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

घरच्यांना समजावायला दोन गोष्टी उपयोगी पडतील. इंग्लंडात शेफील्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की ज्यांना ही शिरशिरी येते त्यांचे हृदयाचे ठोके ती आणणारे, कुजबुज, टकटक अशा हळू आवाजांचे व्हिडिओ बघताना कमी होतात, सरासरी मिनिटाला तीनेक. म्हणजे शरीर खरोखर शांत होतं, हे मनाचे खेळ नाहीत. त्याआधी २०१५ मध्ये ४७५ जणांचा अभ्यास झाला होता; त्यात बहुतेकांनी अशा व्हिडिओंचा झोपेसाठी वापर सांगितला होता आणि लैंगिक कारण फक्त ५ टक्क्यांनी. ‘कसले घाणेरडे व्हिडिओ बघतेस’ हे मीही ऐकलंय, म्हणून सांगते.

व्हिडिओंबद्दल माझं मत जरा कडक आहे. रोज तासन्‌तास ऐकू नका, शिरशिरी बोथट होते. माझी पार गेली होती, दोन आठवडे बंद ठेवल्यावर परत आली. आवाज बारीक ठेवा. खाण्याचे मचमच आवाज मला अजिबात सोसत नाहीत, उलट चिडचिड होते. तुम्हालाही तसं झालं तर ओढून-ताणून ऐकू नका.

मला खरे आवाजच जास्त भावतात. मिरजेला कधी येणं झालं तर सतारमेकर गल्लीत जा. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जवारीसाठी, म्हणजे तारेचा आवाज गुंजावा म्हणून, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरते, भोपळ्यावर पॉलिश पेपर घासला जातो, मध्येच एखादी तार छेडून बघतात. कारागिरांना विचारून कोपऱ्यात बसा, मोबाईल बाहेर काढू नका. माझी शिरशिरी दोन आठवड्यांनी परत आली ती तिथंच.