काकांनी अडवलं, आय बँकेची टीम परत गेली. आता आईच्या वेळी काय?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. वडील मार्चमध्ये पहाटे ४ वाजता घरीच, झोपेत गेले. गणपतीत मंडळाच्या शिबिरात त्यांनी नेत्रदानाचं कार्ड भरलं होतं, ते पाकिटात सापडलं. आई म्हणाली फोन करा, केला, टीम आलीपण. पण फॅमिली डॉक्टर गावी गेलेले, दाखला मिळेना, आणि त्यात काका आडवे आले की दादाचे डोळे काढायचे नाहीत, पुढच्या जन्मी आंधळा येईल. टीम हात जोडून निघून गेली. आता ७४ वर्षांच्या आईला नेत्रदान आणि त्वचादान दोन्ही करायचंय. ताई विचारतात, काकांवर किंवा आय बँकेवर केस होईल का, आणि आईच्या वेळी पण हेच होणार का.

ताई, केसचं आधी सांगतो, होणार नाही. राग येईल तुम्हाला, पण टीमने कायद्याप्रमाणेच केलं.

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ च्या दुरुस्तीत त्यात 'ऊती' म्हणजे टिश्यू आले. त्याच्या कलम ३ मध्ये दोन रस्ते आहेत. पहिला, माणसाने जिवंतपणी लेखी संमती दिली, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक. अशी संमती असेल आणि ती त्याने नंतर मागे घेतलेली नसेल, तर मृतदेह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी दान होऊ द्यायचं, तिथे बाकी नातेवाइकांना काय वाटतं असा प्रश्नच कायदा विचारत नाही. दुसरा रस्ता, अशी संमती नाही पण माणसाने कधी विरोधही केला नव्हता, तेव्हा घरचे परवानगी देऊ शकतात, मात्र एकाही जवळच्या नातेवाइकाचा आक्षेप असता कामा नये.

बाबांच्या कार्डावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ते दुसऱ्या रस्त्याला लागले, आणि काका बाबांचे सख्खे भाऊ, भाऊ कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत येतो, त्यामुळे आईचं हो असूनही काकांचा नकार भारी पडला. शिबिरात रांग लावून कार्डं भरून घेतात, फोटो काढतात, साक्षीदाराची सही कोणी मागत नाही, हे मी स्वतः पाहिलंय आणि दरवेळी चिडतो.

आता आईच्या बाबतीत गंमत बघा. यादीत कोण आहे? नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी, आजोबा, नातवंडं. संपली. तुमचे काका आईचे दीर लागतात, दीर त्यात नाही. म्हणजे ज्या माणसाने बाबांच्या वेळी अडवलं त्याला आईच्या वेळी कायद्याने आक्षेप घेण्याचा हक्कच नाही, मग तो घरात कितीही मोठा असो.

घरी मृत्यू झाला म्हणून अडत नाही हे पण लक्षात घ्या, कारण लोकांना वाटतं दान म्हणजे आयसीयू आणि व्हेंटिलेटर. ते किडनी-लिव्हरसाठी, तिथे बहुतेक ब्रेन डेड पेशंट लागतो. डोळ्याचा कॉर्निया आणि त्वचा हृदय थांबल्यावरही साधारण ६ तास चालतात, आणि कलम १० मध्ये सरळ लिहिलंय की डोळे किंवा कान कुठल्याही ठिकाणी काढता येतात. म्हणजे तुमच्या भांडुपच्या वन रूम किचनमध्येसुद्धा. त्वचेचं नाव त्या ओळीत नाही, पण नोंदणी असलेल्या स्किन बँकेची टीम संमती घेऊन घरी येते. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात आणि ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्ये स्किन बँक आहे. मांड्या, पाय, पाठ इथला अगदी पातळ थर काढतात, तो ग्लिसरॉलमध्ये ठेवून भाजलेल्या पेशंटला लावतात. कोणी पैसे मागितले तर तो गुन्हा आहे, द्यायचे नाहीत.

खरा घोळ दाखल्याचा. घरी मृत्यू झाला की डॉक्टरने फॉर्म ४ए वर मृत्यूचं कारण लिहून द्यायचं असतं, पण ज्याने कधी पेशंट बघितलाच नाही तो पहाटे सही कशाला करेल, मी पण केली नसती. म्हणून आईला एका डॉक्टरकडे नियमित दाखवत जा, फाइल घरात ठेवा, आणि ते गावी गेले तर कोणाला बोलवायचं ते आत्ताच त्यांना विचारून ठेवा. दाखला मिळालाच नाही तर पोलीस येणार, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, आणि तशा मृतदेहाला दानाची साधी संमती चालत नाही. तरी तो दरवाजा पूर्ण बंद नाही, कलम ६ खाली, तो भाग पोस्टमॉर्टेमला लागणार नसेल तर परवानगी देता येते, पोलीस ठाण्यात तसं बोलावं लागतं. पण ६ तासात हे सगळं जमवणं म्हणजे विरार फास्ट पकडण्यासारखं आहे.

मृत्युपत्रात लिहू का असं पण विचारलंय. लिहा, पण मृत्युपत्र आपल्याकडे तेराव्यानंतर उघडतात. त्यापेक्षा फॉर्म ७, म्हणजे जिवंतपणी दानाची लेखी संमती देण्याचा फॉर्म, तो भरा, डोळे आणि त्वचा दोन्हीसमोर खूण करा. एक साक्षीदार तुम्ही नको, तुमचा पुण्याचा भाऊ असू द्या. तुम्ही लिहिलंय की बाबांच्या वेळी तो गप्प बसला होता. तो मुलगा आहे, यादीत आहे, उद्या काकांच्या दबावाखाली 'नको' म्हणाला तर टीम वाद घालत बसत नाही, कायदा काहीही म्हणो, ती निघून जाते, आणि कोर्टात जाऊन ऑर्डर आणेपर्यंत ६ तास कधीच संपलेले असतात. त्याची सही कागदावर असली की त्याला फिरणं अवघड. सही करायलाच तयार नसेल तर ते आज कळलेलं बरं, आई अजून त्याच्याशी बोलू शकते.

फॉर्मची एक झेरॉक्स डॉक्टरांच्या फाइलला, एक शेजारच्यांकडे. आणि त्या वेळी फॅन बंद करायचा, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, हे फ्रिजवर चिकटवून ठेवा, कारण तेव्हा कोणाला काही आठवत नाही.