वाचकांचे प्रश्न : कादंबरीतून ‘बोध’ काढायचा कसा?

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत टीचर आहे आणि रविवारी संडे स्कूल पण घेते. यंदा पावसाळ्यात कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या वाचायचं ठरवलंय, महिन्यातून एक शनिवार. सुरुवात व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’पासून केलीय, मराठीतली संक्षिप्त मिळाली ती. मी एक वही केलीय, प्रत्येक प्रकरणाखाली ‘यातून मिळणारा ख्रिस्ती बोध’ असं लिहून ते पोरांना सांगते, पण पोरं जांभया देतात आणि मोबाईल बघतात. वर आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, हातात पवित्र शास्त्र असताना या खोट्या गोष्टी कशाला. माझं चुकतंय कुठं?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : सलाम बाई. आधी ती वही मिटून कपाटात टाका बघू. रागावू नका, मी पण एकेकाळी अशीच वही केली होती, डाव्या पानावर गोष्ट आणि उजव्या पानावर बोध, आणि वर्षभरानं उघडून बघितली तर उजवीकडं सगळीकडं तेच, क्षमा करा, प्रेम करा, लोभ नको, गर्व नको. एवढ्यासाठी कुणी शेकडो पानं कशाला वाचेल, हे तर संडे स्कूलच्या भिंतीवरच्या चार्टवर पण असतंय की.

आता बायबलातल्या २ शमुवेलचा १२ वा अध्याय काढा. दाविद राजानं दुसऱ्याची बायको बथशेबा घेतलीय, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढं घालून मारवलंय, आणि नाथान संदेष्टा राजासमोर येऊन काय करतो तर गोष्ट सांगतो. एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाजवळ एकच मेंढी, लेकीसारखी वाढवलेली, त्याच्याच ताटातलं खाणारी. श्रीमंताकडं पाहुणा आला तर त्यानं स्वतःचा एवढा कळप सोडून गरिबाची ती एकुलती मेंढी कापली. दाविद असा तापला की असल्या माणसाला मारूनच टाकायला पाहिजे म्हणाला, आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. नाथानानं आल्या आल्या ‘आजचा विषय : परस्त्रीचा लोभ’ असं म्हटलं असतं तर दाविदानं मान डोलावली असती, आमेन म्हटलं असतं आणि सुटला असता. गोष्टीत पार आत शिरला म्हणून सापडला. तुमची वही पोरांना आत शिरूच देत नाही, दारातच बोध हातात देऊन परत पाठवते.

तुम्ही फक्त वाचा आणि जिथं अडतं तिथं थांबा. ‘ले मिझेराब्ल’मधल्या बिशपचंच घ्या. भाकरी चोरली म्हणून आत गेलेला आणि पळून जायचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा वाढत वाढत १९ वर्षांनी सुटलेला जाँ व्हालजाँ, त्याला कुणी दारात उभं करत नाही, बिशप घरात घेतो, जेवायला घालतो, आणि हा रात्री त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. पोलीस पकडून आणतात तर बिशप म्हणतो, अहो ही तर मीच दिली होती, मेणबत्तीचे स्टँड का विसरलात, ते पण न्या. इथं तुम्ही ‘क्षमा’ लिहून पुढं जाणार. जाऊ नका. पोरांना विचारा, बिशप पोलिसांशी खोटं बोलला की नाही? दहा आज्ञांचं काय मग? बघा, मोबाईल खाली ठेवतात की नाही.

आणि त्याच्या लगेच पुढचा प्रसंग, तुमच्या संक्षिप्त आवृत्तीत गळला असेल तर तोंडी सांगा. एवढी दया मिळाल्यावर व्हालजाँ काय करतो? रस्त्यानं जाणाऱ्या एका गरीब पोराचं चाळीस सूचं (सू म्हणजे फ्रेंच पैसा) नाणं खाली पडतं, त्यावर पाय ठेवून उभा राहतो, पोर रडत निघून जातं. मग भानावर येऊन त्याला हाका मारत फिरतो, तो सापडत नाही, आणि तेव्हा हा माणूस १९ वर्षांत पहिल्यांदा रडतो. आपल्याकडं चर्चमध्ये साक्ष देताना सगळे कसं सांगतात, त्या दिवशी प्रभू भेटला आणि त्या दिवसापासून मी बदललो. ह्यूगो म्हणतोय, मधे एक चोरी झाली. मला तर स्टँडपेक्षा ते नाणंच जास्त टोचतंय.

जावेर इन्स्पेक्टरला पण व्हिलन करून टाकू नका, सिनेमासारखं. तो लाच घेत नाही, स्वतःच्या चुकीला पण शिक्षा मागतो. त्याला फक्त दया झेपत नाही. ज्या व्हालजाँच्या मागं आयुष्यभर लागला त्यानंच जीव वाचवला, आणि मग यानं पण त्याला सोडून दिलं, आणि हे दोन्ही कुठल्याच नियमात बसेना म्हणून शेवटी नदीत उडी घेतो. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठवा, धाकट्यासाठी मेजवानी चाललीय आणि हा रागानं अंगणात. तो आत गेला की नाही ते येशूनं सांगितलंच नाही. बोध सांगायची एवढी चांगली संधी, सोडून दिली!

तुमच्याकडं कन्नड मीडियमची पोरं असतील, असणारच, तर पुढच्या महिन्यात शिवराम कारंतांची कन्नड कादंबरी ‘चोमन दुडी’ (१९३३) घ्या. चोमाला आयुष्यात एकच पाहिजे, स्वतः कसायला जमिनीचा तुकडा, आणि तो अस्पृश्य म्हणून मिळत नाही. ख्रिस्ती झालास तर जमीन मिळेल असं कळतं, निघतो पण, आणि परत फिरतो. यावर ‘बिचारा, तारण चुकलं त्याचं, पापातून सुटका हुकली’ असं म्हणून मोकळं होऊ नका हं. आपण त्याला काय दाखवून बोलावत होतो, प्रभू का जमीन, हे विचारा. अवघड शनिवार होईल तो, पण व्हायला पाहिजे.

राहिले तुमचे वडीलधारे. त्यांना नीट चहा पाजून विचारा, काका, बाबा पदमनजी माहीत आहेत काय? आपल्या बेळगावातच १८३१ मध्ये जन्म, १८५४ मध्ये बाप्तिस्मा पण इथलाच, आणि तीन वर्षांनी, १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ आलं, ज्याला बरेच जण मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. म्हणजे या खोट्या गोष्टी मराठीत सुरू केल्या त्या आपल्याच माणसानं. पण खरं सांगायचं तर तुमच्या वहीची खोड त्या पुस्तकात पण आहे. त्यातलं जोडपं, यमुना आणि विनायक, फिरता फिरता एकेका विधवेची दशा बघतात ती पानं आजही पोटात कालवतात, आणि मधेच धर्माची चर्चा सुरू झाली की माझं बोट आपोआप पुढची पानं चाळतंय.

प्रश्न : मी निपाणीचा, डिग्रीला आहे. दोस्तोव्हस्कीचं ‘क्राइम अँड पनिशमेंट’ वाचतोय तर आई म्हणते देवाच्या घरात खुन्याची गोष्ट नको. काय सांगू?

उत्तर : मघाचा दाविद आईला आठवून दे, तो पण खुनीच की. पण वाद घालू नकोस. चौथ्या भागातलं चौथं प्रकरण शोध, मेणबत्तीचा शेवटचा तुकडा जळतोय, पोट भरायला देह विकावा लागलेली सोन्या त्या खुन्याला बायबलातला योहान ११ वाचून दाखवतेय, येशूनं उठवलेल्या लाजाराची गोष्ट, लाजार मरून चार दिवस झालेले, आणि त्या ‘चार’वर ती जोर देतेय. त्या रात्री तो काही बदलत बिदलत नाही. अगदी शेवटी सैबेरियात सुद्धा नवा करार उशाखाली असतो, उघडलेला नसतो. आई संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसली की एवढंच प्रकरण मोठ्यानं वाचून दाखव, आणि मधे थांबलास तर पुढं काय झालं म्हणून तीच विचारते का बघून मला कळव.