२६११ पाने आणि एक सिनेमा

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ‘वंडर बॉइज’ या इंग्रजी सिनेमाचा ओझरता उल्लेख केला होता. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. बरीच वर्षे एक कादंबरी लिहितो आहे आणि बाड फुगतच चालले आहे. लेखकावरचा सिनेमा म्हटला की नायक दारूत बुडतो, नाहीतर जीव देतो. हा सिनेमा खरोखर विनोदी आहे का? असेल तर त्याचे नाव फारसे कोणी का घेत नाही? घरच्यांबरोबर पाहता येईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : विनोदी आहेच, आणि तुमचे पत्र वाचल्यावर तर तुम्ही तो पाहावाच असे वाटते.

ग्रेडी ट्रिप (मायकेल डग्लस) पिट्सबर्गच्या एका कॉलेजात लेखन शिकवतो. सात वर्षांपूर्वी एका कादंबरीने त्याचे नाव झाले. तेव्हापासून दुसरी चालू आहे. कॉलेजात साहित्य महोत्सव भरला आहे, बाहेर बर्फाचा चिखल, आणि हा बायकी गुलाबी गाऊन चढवून टाइपरायटरपुढे बसतो. कोरा कागद चढवून पानाचा आकडा टाइप करतो : २६१. आपल्याला वाटते, बरे चालले आहे याचे. मग तो त्या आकड्यापुढे आणखी एक ‘१’ उमटवतो. दिवाळी अंकांसाठी आलेली बाडे वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या ‘१’वर मला हसू फुटले आणि त्याच क्षणी पोटात कालवलेसुद्धा.

लिहायला काही सुचत नाही, हे या माणसाचे दुखणे नाही. त्याला थांबता येत नाही. सगळा विनोद इथून येतो, कारण जगतानाही तो असाच आहे. कशालाच नाही म्हणत नाही, कशाचाच निकाल लावत नाही. त्या दिवशी सकाळीच बायको घर सोडून गेली आहे. कॉलेजची प्रमुख सारा (फ्रान्सिस मॅक्डॉर्मंड) हिच्याशी त्याचे जुळले आहे. ती दिवस गेल्याचे सांगते. तिचा नवरा ग्रेडीच्याच विभागाचा प्रमुख. न्यूयॉर्कहून आलेल्या संपादकाची (रॉबर्ट डाउनी ज्युनियर) नोकरी धोक्यात आहे, त्याला हे बाड हवे आहे. त्यातच जेम्स नावाचा अबोल विद्यार्थी (टोबी मॅग्वायर) सारांच्या घरी त्यांच्या आंधळ्या कुत्र्याला गोळी घालतो आणि मेरिलिन मन्रोने लग्नात घातलेले जाकीट पळवतो. मेलेला कुत्रा गाडीच्या डिकीत घेऊन ग्रेडी शहरभर फिरत राहतो. प्रत्येक वळणावर त्याने एक साधा निर्णय घ्यायला हवा, आणि तो घेत नाही. डग्लसने एकदाही ‘पाहा, मी विनोद करतो आहे’ असा आव आणलेला नाही. थकलेला, चष्म्याआडून मिचमिच पाहणारा हा माणूस मला त्याची सगळ्यात चांगली भूमिका वाटते.

तुम्ही एक प्रसंग नीट पाहा. ग्रेडीच्या घरात भाड्याने राहणारी त्याची विद्यार्थिनी हॅना ते बाड वाचते. भाषा सुंदर आहे, असे आधी सांगते. मग हळूच म्हणते, लेखकाला निवड करावी लागते असे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवता, पण इथे तर घोड्यांच्या वंशावळीही आहेत आणि दातांच्या नोंदीही. तुम्ही काही निवडलेच नाही. तिच्या आवाजात तुच्छता अजिबात नाही, माया आहे. बाड साभार परत करताना सोबतच्या पत्रात इतके खरे आणि इतके मायेने लिहिता यावे, असे मला फार वाटत आले आहे.

हे सगळे भोगलेल्या माणसाने लिहिले आहे. मूळ कादंबरी मायकेल शेबॉन यांची, १९९५ची. १९८८ साली पहिल्याच पुस्तकाने ते गाजले. मग दुसऱ्या कादंबरीत पाचेक वर्षे अडकले. कच्चा मजकूर दीड हजार पानांवर गेला, पण पुस्तक होईना. शेवटी ती बाजूला ठेवून, प्रकाशकालाही न सांगता, त्यांनी ही लिहायला घेतली आणि काही महिन्यांत पहिला खर्डा पुरा केला.

नाव का घेत नाहीत? कारण तो पडला, आणि मला त्याचा अजून राग येतो. फेब्रुवारी २०००मध्ये आणला तेव्हा पोस्टरवर डग्लसचा नुसता भलामोठा चेहरा होता. सिनेमा कशाचा आहे, हसायचे की रडायचे, काही कळत नव्हते. समीक्षकांनी वाखाणला, प्रेक्षक फिरकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये स्टुडिओने नवे पोस्टर करून तो पुन्हा लावला, सगळ्या पात्रांना जागा दिली, तरी फरक पडला नाही. साडेपाच कोटी डॉलर खर्चाच्या सिनेमाची जगभरची कमाई साडेतीन कोटींवरही गेली नाही. बॉब डिलन यांच्या गाण्याला ऑस्कर मिळाले, पटकथा आणि संकलनाला नामांकने मिळाली. गाणे लोकांच्या लक्षात राहिले. खरे तर दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन यांनी तीन वर्षांपूर्वीच ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’सारखा देखणा गुन्हेपट दिला होता. त्याच माणसाने हा इतका हळुवार सिनेमा करावा, याचेच कौतुक व्हायला हवे होते.

घरच्यांबद्दल : पत्नीबरोबर जरूर पाहा, मुलांना मात्र नको. गांजा भरपूर आहे, भाषा मोकळी आहे, आणि कुत्र्याचा प्रसंग लहानांना लागेल. आणखी एक, तुम्ही लिहिते आहात म्हणून आधीच सांगते. त्या बाडाची दुसरी प्रत नाही. पुढे काय होते ते लिहीत नाही, पण त्यानंतर गाडीत एक परका माणूस ग्रेडीला विचारतो, पुस्तक कशाबद्दल होते? ग्रेडीला सांगता येत नाही. मग लिहीत कशाला होतात, असे तो विचारतो. तेवढे झाले की सिनेमा जरा थांबवा आणि तुमची कादंबरी कशाबद्दल आहे ते पत्नीला दोन वाक्यांत सांगून पाहा.

प्रश्न : आधी कादंबरी वाचावी की सिनेमा पाहावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सिनेमा. कादंबरीत ग्रेडी सासुरवाडीला जातो आणि तिथे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणाचे मोठे, रंगलेले प्रकरण आहे. पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज यांनी ते पूर्ण काढून टाकले. पुस्तक आधी वाचलेत तर सिनेमाभर त्या जेवणाची वाट पाहत बसाल. नंतर वाचलेत तर ते ताट तुमच्यासाठी राखून ठेवलेले असेल. आणि कराडच्या सरांनी तर ते प्रकरण मुद्दाम वाचावे. इतके चांगले लिहिलेले पानही क्लोव्ह्ज यांनी कसे सोडून दिले, ते त्यांना दिसेल.